‘दुर्दैवा’चा हिशेब : डी.एन.ए. दुरुस्ती आणि कर्करोगाच्या एका सिद्धांताची चिकित्सा

प्रास्ताविक

कर्करोग का होतो, या प्रश्नाला अलीकडच्या काळात विज्ञानाकडून मिळालेल्या उत्तरांपैकी ‘दुर्दैवाने’ हे उत्तर फार गाजले आणि तितकेच चुकीच्या पद्धतीने वाचलेही गेले. २ जानेवारी २०१५ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ख्रिस्तियान तोमासेत्ती व बर्ट व्होगेलस्टाइन यांचा एक छोटा शोधलेख प्रसिद्ध झाला. शरीराच्या निरनिराळ्या ऊतींमध्ये कर्करोगाचा धोका कमीअधिक असतो. या तफावतीचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूलपेशींच्या विभाजनसंख्येने उलगडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. विभाजनाच्या वेळी डी.एन.ए.ची प्रत काढताना ज्या यादृच्छिक चुका होतात, त्यांना लेखकांनी ‘दुर्दैव’ असे नाव दिले. विद्यापीठाने काढलेल्या प्रसिद्धिपत्रकाच्या शीर्षकातच हा शब्द होता. पुढे जगभरच्या वृत्तपत्रांतून ‘बहुतेक कर्करोग दुर्दैवाने होतात’ एवढेच वाक्य उरले.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ संजार यांना जाहीर झाले. डी.एन.ए.मधील बिघाड पेशी कशा दुरुस्त करतात, याचा उलगडा हे त्यांचे कार्य होय. एकाच वर्षातील या दोन घटना एकमेकींशी बोलताना फारशा दिसल्या नाहीत. जानेवारीत आपण चुकांच्या संख्येविषयी वाचले, ऑक्टोबरमध्ये त्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेविषयी. ‘दुर्दैव’ सिद्धांतावरील सांख्यिकीय आक्षेप पुष्कळांनी मांडले आहेत. दुरुस्ती-संशोधन हाती घेऊन या सिद्धांताची परीक्षा केली तर त्याचा पायाच किती डळमळतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाकडे वळण्याचे कारण शैक्षणिक आहे, तसे थोडे व्यक्तिगतही आहे. प्रस्तुत लेखिका पदवीच्या वर्गांना आनुवंशिकी शिकविते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, “मॅडम, माझी आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. आमच्या घरात कुणालाच नव्हता, मग तिलाच का झाला?” त्या आठवड्यात वरील शोधलेख वाचनात होता. मी तिला धीर देण्याच्या हेतूने सांगितले की, पुष्कळदा याला काही कारण नसते, पेशींच्या विभाजनात योगायोगाने चूक होते. ती ‘बरं मॅडम’ म्हणून गेली. हे उत्तर शास्त्रीय वाटत होते. त्या रोगाच्या बाबतीत ते साफ चुकीचे होते, हे कळायला मला आणखी वाचन करावे लागले.

मूळ प्रतिपादन आणि त्याचे वाचन

प्रथम लेखकांना न्याय दिला पाहिजे. त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. लहान आतड्याचा कर्करोग विरळा आणि मोठ्या आतड्याचा इतका सर्रास का? अन्न दोहोंतून जाते, आनुवंशिक वारसाही एकच असतो. कर्करोगाच्या ३१ प्रकारांसाठी त्यांनी दोन आकडे मांडले. पहिला, अमेरिकेतील व्यक्तीला आयुष्यभरात तो रोग होण्याची शक्यता, आणि दुसरा, त्या ऊतीतील मूलपेशींच्या एकूण विभाजनांचा अंदाज. दोन्ही आकडे लॉगॅरिथमच्या मापावर घेता त्यांत ०.८१ इतका सहसंबंध आढळला. त्याचा वर्ग सुमारे ०.६५ येतो. ‘दोन तृतीयांश’चा उगम हा असा आहे. मोठ्या आतड्यात विभाजने अधिक, म्हणून धोका अधिक, हे उत्तर पटण्याजोगे आहे.

घोटाळा पुढे होतो. ‘ऊतींमधील तफावतीचा दोन तृतीयांश भाग’ आणि ‘कर्करोगाच्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश’ ही दोन सर्वस्वी भिन्न विधाने आहेत. एक साधे उदाहरण घेऊ. जिल्ह्यातील तीस रस्त्यांवरचे अपघात मोजले आणि त्या त्या रस्त्यावरील वाहनांची वर्दळ मोजली, तर जेथे वर्दळ जास्त तेथे अपघात जास्त, असा घट्ट सहसंबंध मिळेल. आता समजा, जिल्ह्यातील सगळेच चालक दारू पिऊन गाडी हाकू लागले आणि प्रत्येक रस्त्यावरचे अपघात तिप्पट झाले. लॉगॅरिथमच्या मापावरचा सहसंबंध होता तेवढाच राहील, तसूभरही बदलणार नाही. म्हणजे सहसंबंधाचा तो आकडा दारूविषयी काहीच सांगत नाही. त्यावरून ‘अपघात हे मुख्यतः दैवाधीन आहेत’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला आपण वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या सांख्यिकीतही उत्तीर्ण करणार नाही.

लेखकांच्या पूर्ण मजकुरात हा फरक अगदीच हरवलेला नाही. मात्र सारांशात ‘तफावत’ या शब्दाच्या पाठोपाठच बहुतांश दुर्दैवामुळे असल्याचे वाक्य येते, आणि घाईच्या वाचकाची वाट तेथेच चुकते. प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्यांवर सगळा दोष ढकलणे त्यामुळे योग्य वाटत नाही.

या ३१ प्रकारांत काय होते आणि काय नव्हते, हेही पाहण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याच महिन्यात निवेदन काढून आक्षेप नोंदविला. अस्थींचा किंवा लहान मेंदूचा विरळा कर्करोग यादीत आहे, पण जठर, गर्भाशयमुख व स्तन यांचे कर्करोग, जे जगात सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत आणि ज्यांचे प्रमाण देशादेशांत व काळानुरूप बदलते, ते विदेच्या अभावी वगळलेले आहेत, असा तो आक्षेप होता. जे आजार ठिकाणानुसार बदलतात तेच वगळल्यावर ठिकाणाचा प्रभाव कमी दिसला तर नवल ते काय? माझ्या विद्यार्थिनीच्या आईचा आजार त्या कोष्टकात नव्हताच. मी मात्र त्या कोष्टकाच्या आधारे तिला उत्तर दिले होते.

चूक आणि न दुरुस्त झालेली चूक

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘विभाजनसंख्या म्हणजे दुर्दैवाची संख्या’ या समीकरणात एक गृहीतक दडलेले आहे. प्रत्येक विभाजनामागे उत्परिवर्तनाचा दर ठरलेला आहे, तो जणू निसर्गाने एकदाच ठरवून दिला आहे, असे ते गृहीतक. दुरुस्ती-संशोधनाने गेल्या पन्नाससाठ वर्षांत नेमके हेच खोटे ठरविले.

मानवी पेशीत दोन्ही संच मिळून सुमारे ६.४ अब्ज बेसच्या जोड्या असतात. प्रत काढणारे पॉलिमरेज हे विकर स्वतःच्या बळावर साधारणपणे लाख अक्षरांमागे एक चूक करते. एवढ्यावरच थांबले असते तर एका विभाजनात साठ हजारांहून अधिक चुका राहिल्या असत्या. हेच विकर मागे वळून आपली चूक खोडते, त्याने चुका सुमारे शंभर पटींनी घटतात. त्यानंतर मॉड्रिच यांनी उलगडलेली विजोड-दुरुस्ती यंत्रणा येते आणि त्या आणखी शेकडो पटींनी कमी करते. अखेरीस अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. सारांश, ज्याला ‘दुर्दैव’ म्हटले ते प्रत्यक्षात दोन चाळण्यांतून खाली पडलेले उरलेसुरले चाळण आहे. चाळणीला भोक पडले तर ते वाढते.

हे भोक पडलेली कुटुंबे वैद्यकाला ठाऊक आहेत. १९९३ मध्ये विजोड-दुरुस्तीतील एम.एस.एच.-२ या जनुकाचा संबंध मोठ्या आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाशी जोडला गेला. आज तो विकार लिंच लक्षणसमूह या नावाने ओळखला जातो. या व्यक्तींच्या आतड्यातील मूलपेशींची विभाजने इतरांहून वेगळी मोजण्याचे कारण नाही, पण त्यांचा धोका अनेक पटींनी वाढलेला असतो. गंमत अशी की, तोमासेत्ती-व्होगेलस्टाइन यांच्या ३१ प्रकारांतच लिंच लक्षणसमूहासह होणारा आतड्याचा कर्करोग स्वतंत्र ओळ म्हणून आहे, आणि तो ‘दुर्दैवी’ नव्हे तर ‘निश्चित कारण असलेल्या’ गटात आहे. व्होगेलस्टाइन हे तर या जनुकाच्या शोधातील एका गटाचे अग्रणी! म्हणजे दुरुस्ती बिघडली तर तिला कारण म्हणायचे आणि ती सुरळीत असेल तर उरलेल्या चुकांना दैव म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. मधल्या पायऱ्यांचे काय? दुरुस्तीची क्षमता माणसामाणसांत, ऊतीऊतींत कमीअधिक असते; ती चालू किंवा बंद एवढ्या दोनच अवस्थांत नसते.

हत्तीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. हत्तीच्या शरीरात माणसाहून कितीतरी अधिक पेशी असतात आणि तो दीर्घायुषीही आहे. विभाजनसंख्या हेच दैव असते तर हत्ती कर्करोगाने नामशेष व्हायला हवे होते. रिचर्ड पेटो यांनी १९७० च्या दशकात दाखविलेली ही विसंगती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नोबेल जाहीर झाले त्याच ऑक्टोबर महिन्यात युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, आफ्रिकी हत्तीत पी-५३ या प्रथिनाच्या जनुकाच्या किमान २० प्रती असतात, माणसात एक. डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये याच प्रथिनाला जीनोमचा पहारेकरी म्हटले होते. हत्तीच्या पेशी डी.एन.ए.ला इजा होताच अधिक तत्परतेने आत्मनाश पत्करतात. बिघडलेले भांडे कल्हई करून वापरण्यापेक्षा मोडीत काढावे, तसे. हे धोरण दुरुस्तीहून वेगळे आहे, हे खरे. तथापि विभाजनांच्या संख्येवरून रोगाचा हिशेब मांडता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

व्यवहाराची बाजूही विसरून चालणार नाही. ‘दुर्दैव’ लेखाच्या दोनच आठवडे आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओलापॅरिब या औषधाला मान्यता दिली होती. ब्राका-१ किंवा ब्राका-२ जनुक बिघडलेल्या गाठीतील पेशींना डी.एन.ए.चे दुहेरी तुटलेपण नीट सांधता येत नाही. त्यांच्या हातची दुसरी वाटही या औषधाने बंद केली की त्या मरतात, आणि निरोगी पेशी तगून राहतात. २००५ मध्ये दोन संशोधकगटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केलेल्या या कल्पनेला औषध होण्यास नऊ वर्षे लागली. दैवावर औषध शोधता येत नाही, उणिवेवर येते.

टक्केवारीचा मोह

टीका झाल्यावर लेखकांनी माघार घेतली नाही, पण मांडणी सुधारली. मार्च २०१७ मध्ये, पुन्हा ‘सायन्स’मध्येच, ६९ देशांतील विदा घेऊन त्यांनी स्तनाच्या कर्करोगासह १७ प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि उत्परिवर्तनांची वाटणी केली : ६६ टक्के प्रत काढताना झालेल्या चुका, २९ टक्के पर्यावरण, ५ टक्के आनुवंशिकता. त्यांनी हेही स्पष्ट केले की ही वाटणी उत्परिवर्तनांची आहे, रुग्णांची नव्हे; एका गाठीला अनेक उत्परिवर्तने लागतात, म्हणून त्यांतील एखादे टळले तरी रोग टळू शकतो. हे स्पष्टीकरण प्रामाणिक आहे. मधल्या काळात, डिसेंबर २०१५ मध्ये, ‘नेचर’मध्ये स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या गटाने नेमका उलटा आकडा मांडला होता : अंतर्गत कारणांचा वाटा १० ते ३० टक्क्यांहून कमी, बाकी सर्व बाह्य. वाचकाने कोणता आकडा घ्यावा?

माझ्या मते दोन्ही आकड्यांत एकच दोष आहे. कारणांची बेरीज करून शंभर करता येतात, असे दोन्ही पक्ष मानतात. दुरुस्ती-संशोधनातील सर्वांत जुने मानवी उदाहरण या समजुतीला छेद देते. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या विकारात त्वचेच्या कर्करोगाचा धोका कोवळ्या वयातच हजारो पटींनी वाढतो. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखविले की, या रुग्णांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली इजा दुरुस्त करता येत नाही. तीच दुरुस्ती पुढे संजार यांनी टप्प्याटप्प्याने उलगडली. आता या मुलाच्या गाठीचे श्रेय कोणाला द्यायचे? जनुक नसता बिघडला तर इतक्या लवकर गाठ झाली नसती, म्हणजे आनुवंशिकता १०० टक्के. मुलाला उन्हापासून काटेकोरपणे जपले तर त्वचेचा कर्करोग बहुतांशी टळतो, म्हणजे पर्यावरणही जवळपास १०० टक्के. आणि किरणांची इजा उत्परिवर्तनात स्थिरावते ती बहुधा प्रत काढतानाच, म्हणजे तिसऱ्या खात्याचाही दावा उभा राहतो. भाकरी पिठामुळे किती टक्के आणि विस्तवामुळे किती टक्के, असे विचारण्यासारखेच हे आहे.

तंबाखूच्या बाबतीतही हेच. १९९६ मध्ये असे आढळले की, धुरातील बेंझोपायरीनपासून बनणारे घटक पी-५३ जनुकाच्या नेमक्या त्याच ठिकाणी चिकटतात, जेथे फुफ्फुसाच्या कर्करोगात उत्परिवर्तने सापडतात. २०१६ मधील एका अंदाजानुसार रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर धूम्रपान केले तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० आणि तोंडाच्या पेशीत २३ उत्परिवर्तने साठतात. यांपैकी प्रत्येक उत्परिवर्तन दुरुस्तीच्या नजरेतून निसटलेले असते. निसटणे यादृच्छिक आहे, इजा यादृच्छिक नाही. इजेचा मारा वाढला की निसटणाऱ्यांची संख्या वाढते, एवढे साधे गणित ‘दुर्दैव’ या एका शब्दाखाली गाडले गेले. भारतीय पुरुषांत ओठ व तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे, हे ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजातून दिसते. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि ती किती आहे हे महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरील टपरीवर कोणालाही पाहता येते. मशेरी तर बंदीच्या कक्षेतही मनावर घेतली जात नाही. घरातील आजी दात घासते, एवढाच तिचा अर्थ.

शब्दाचा प्रश्न

मराठीत ‘दुर्दैव’ हा शब्द आल्याने अनर्थ वाढतो, असे मला वाटते. इंग्रजीतला मूळ शब्द जुगाराच्या फडाशी नाते सांगतो; फासा उलटा पडला, इतकेच. आपल्याकडे ‘दैव’ म्हटले की प्रारब्ध आले, भोग आले, आणि बाईच्या आजारात तर तिच्या चारित्र्याविषयीची कुजबुजही आली. लेखकांचा एक हेतू रुग्णांना अपराधभावातून मुक्त करण्याचा होता, विशेषतः ज्यांच्या लहान मुलांना हा रोग झाला अशा आईवडिलांना. तो हेतू आदरणीय आहे, आणि बालकांच्या कर्करोगात त्याला आधारही आहे. पण मराठीत तो शब्द अपराधभाव कमी करील याची खात्री देता येत नाही. क्रमिक पुस्तके लिहिणाऱ्यांनी ‘यादृच्छिक चूक’ हाच शब्द वापरावा. रुक्ष आहे, पण तो कोणाच्या कपाळावर काही लिहीत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर यादृच्छिकतेचे स्थान आणखीच आकुंचित आहे. हा रोग जवळजवळ सर्वथा मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. हराल्ड त्सुर हाउझेन यांना त्याबद्दल २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूच्या घातक प्रकारांचे ई-६ नावाचे प्रथिन पेशीतील पी-५३ ला नष्ट करविते, हे १९९० मध्येच सिद्ध झाले आहे. पहारेकऱ्यालाच आधी ठार केले जाते, मग चोऱ्या होतात. त्यानंतरच्या चोऱ्यांना योगायोग म्हणायचे असेल तर म्हणावे.

आणि याविषयी काय करता येते, याचा जगातील एक मोठा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले. वर उल्लेखिलेली आंतरराष्ट्रीय संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, म्हणून हे शक्य झाले. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या तुलना-गटात ६४. दोन्ही गटांची संख्या साधारण सारखी होती. तुलना-गटातील स्त्रियांना तपासणीपासून दूर ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि त्या ६४ जणींचा विचार करता ते आक्षेप मला सहज झटकून टाकता येत नाहीत. परंतु ३४ आणि ६४ यांतील अंतर मूलपेशींच्या विभाजनसंख्येने उलगडणारे नाही. त्या सर्व स्त्रिया एकाच जिल्ह्यातल्या होत्या.

२०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला भारतात मान्यता मिळाली. त्या वर्षी मी आनुवंशिकीच्या तासाला ई-६ आणि पी-५३ यांची आकृती प्रथमच फळ्यावर काढली. ती विद्यार्थिनी तोवर पदवी घेऊन गेली होती. तिला मी फोन करून पूर्वीचे उत्तर मागे घेतले. तिने आधी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग विचारले ते एवढेच की, ही चाचणी तिच्या दोन मावश्यांना आता करता येईल का, आणि कुठे.